ऐनाच्या झाडापाशी जिप्सी

माझ्या गाडीत बसणाऱ्या लोकांचा एक आवडता खेळ आहे. वाघ दिसत नसतो, ऊन चढलेलं असतं, बाटल्यांतलं पाणी कोमट झालेलं असतं. मग मागच्या सीटवरून कोणीतरी काढतंच, "पैशांचा विचार करायचा नाही, पेट्रोलचा करायचा नाही. जन्मभर एकच गाडी ठेवायची. कोणती घेशील?" लगेच सगळे ताजेतवाने होतात. कोणी जर्मनीतली सांगतो, कोणी इटलीतली. कोणाच्या गाडीचे दरवाजे वर उघडतात, कोणाच्या गाडीचं छप्पर आपोआप मिटतं. माझ्या गाडीला छप्परच नाही, त्यामुळे मी गप्प बसून ऐकतो. शेवटी एखाद्याला माझी दया येते आणि तो पुढं वाकून विचारतो, "भाऊ, तुम्ही कोणती घ्याल?"

"हीच," मी स्टिअरिंगवर हात ठेवून सांगतो.

मागून "वा!" येतं. एकदा एक जण म्हणाला, "बघा, किती समाधानी माणूस आहे." त्याला तिथंच खाली उतरवावं असं मला फार वाटलं. पण जंगलात गेस्टला गाडीतून उतरू देता येत नाही. ड्रायव्हरलाही उतरता येत नाही. सकाळी गेटमधून आत शिरलो की बाहेर पडेपर्यंत मी त्या सीटला खिळलेला असतो.

तरी मी सांगतो ते खोटं नसतं. जिप्सीशिवाय दुसरी कोणतीही गाडी मला कधी हवीशी वाटली नाही. हे वेड आमचं गाव जंगलात होतं तेव्हाचं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, आज जिथं लोक वाघ बघायला येतात तिथं, आतल्या अंगाला आमची मूठभर घरं होती. गोंडांची. मोह वेचायचा, तेंदूपत्ता तोडायचा, बांधात धान लावायचं. बंडीवाटेनं इंजिन असलेलं एकच वाहन आमच्याकडं यायचं, ते म्हणजे जंगलखात्याच्या साहेबांची हिरवी जिप्सी. नाल्याचा चढ चढताना तिचा आवाज बदलायचा आणि तो ऐकला की आम्ही पोरं हातातलं काम टाकून शिवेकडं पळायचो. शिवेवर ती थांबणार हे ठरलेलं असायचं.

तिथं रस्त्याला लागून ऐनाचं एक जुनं झाड आहे. बुंध्याशी दगड मांडलेले. तिथं आमचं पेन राहतं, म्हणजे आमचा देव. त्याच्यासमोरून कोणी बसून जायचं नाही, एवढाच त्याचा नियम. बैलबंडी असेल तर खाली उतरून कासरा धरून चालायचं. सायकल हातात धरायची. लग्न होऊन आलेली नवरीसुद्धा बंडीतून उतरून चालत गावात शिरायची, आणि पोर तापानं फणफणलेलं असलं तर त्याला कडेवर घेऊन कोणीतरी चालायचं. गावात येताना हे आणि गावातून जाताना हेच. पायांनी आलेल्यालाच गाव आत घेतं आणि पायांनी गेलेल्यालाच सोडतं, अशी आमच्याकडची समजूत.

आता जिप्सीला कासरा कुठून आणणार? त्यावर गावानं तोड काढली होती. साहेब उतरून चालायचे. ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरायचा, खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवून बाजूनं चालायचा आणि आम्ही पोरं मागून गाडी ढकलायचो. साहेब आमच्या देवाला मानत होते की आमच्या म्हाताऱ्यांचा मान ठेवत होते कोण जाणे, पण उतरायचे. ऐन मागं पडला की ड्रायव्हर आत बसायचा, इंजिन घरघरायचं आणि आम्ही धुळीत उभे राहायचो. माझं प्रेम असं ढकलण्यातून सुरू झालं. तापलेल्या पत्र्यावर तळवे टेकवायचे, मागच्या स्टेपनीला गाल लावायचा आणि पेट्रोलचा वास छातीत भरून घ्यायचा. आत बसायला कधी मिळालं नाही. मोठा झालो की ही गाडी माझी असेल, असं मी आईला सांगायचो. आई म्हणायची, "आंधी बैल धुऊन आन."

मग वाघांसाठी जंगल मोकळं करायचं ठरलं आणि गाव उठलं. वरोऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याजवळ आम्हाला नवी जागा मिळाली, घरं मिळाली, सोयाबीन पिकणारी शेतं मिळाली. ते बरं झालं की वाईट, यावर आमच्यात अजून वाद चालतो आणि मी तो इथं उकरून काढणार नाही. निघायच्या दिवशीचं मात्र सांगायला हवं. सामान न्यायला ट्रक आले होते. पुढच्या ट्रकमधली माणसं ऐनापाशी उतरली, चालत पलीकडं गेली, परत चढली. बाबा त्यांच्यातच होते. आमचा ट्रक सगळ्यांत मागं राहिला होता. ड्रायव्हर परका होता आणि घाईत होता. आई मागं हौद्यात बसलेली, मांडीवर कोंबड्यांचं खुराडं. ऐन जवळ आला तशी ती केबिनचा पत्रा बडवायला लागली. "थांबव! थांबव ना रे!" ड्रायव्हरला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि त्याला वाटलं बाई घाबरली असेल. ट्रक थांबला नाही.

मी गाठोड्यांच्या ढिगावर बसलो होतो आणि खूश होतो. इंजिनाच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसलो होतो.

त्या दिवसापासून आईनं एकच धरून ठेवलं. "मी शीव बसून ओलांडली. सारं गाव निघालं, मी नाई निघाली." नव्या गावात बोअरला पाणी लागलं नाही, तिनं तेच म्हटलं. बाबा गेले, तेव्हा तेच. तिचे गुडघे धरले तेव्हाही तेच. मी चिडायचो. डॉक्टर म्हणतात झीज आहे, तू म्हणतेस ट्रक आहे, असं तोंडावर बोलायचो. ती संध्याकाळी दारात बसून जंगलाच्या दिशेनं बघत राहायची. बस स्टँडवर गाडी चुकलेलं माणूस बसतं ना, तशी.

पुढं मी चंद्रपुरात दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. कोळशाचे ट्रक चालवले, लग्नाच्या वराती नेल्या, कोर्टाच्या तारखांना माणसं नेली. जिप्सी डोक्यातून गेली नाही. गेटवर स्थानिकांच्या गाड्या घेतात असं कळल्यावर मी नागपूरहून एक जुनी जिप्सी आणली. तोवर नव्या निघणंही बंद झालं होतं. तिला साहेबांच्या गाडीचाच हिरवा रंग दिला. सफारीसाठी छप्पर कापून मागच्या सीट उंच कराव्या लागतात. कापायला घेतलं तेव्हा मी वर्कशॉपबाहेर जाऊन उभा राहिलो, मला ते बघवेना.

जिप्सी ताब्यात आल्यावर कळलं की मीच तिच्या ताब्यात गेलोय. जंगलात गाडी कधी जाणार ते गेटवरचा नंबर ठरवतो. कोणत्या रस्त्यानं जाणार ते ठरलेलं. वेग ठरलेला, बैलबंडीपेक्षा थोडा जास्त. हॉर्न वाजवायचा नाही, रस्ता सोडायचा नाही, उतरायचं नाही. गेट बंद असतं त्या दिवशी गाडी मेकॅनिककडं, कारण जुन्या गाडीचा रोज एक सांधा दुखतो. ही गाडी घेऊन एकदा मूल, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत थेट सिरोंचापर्यंत जायचं, जिथं लोक तेलुगू बोलतात आणि नदीपलीकडं दुसरं राज्य लागतं, असं मी कधीपासून ठरवलंय. पण नंबर चुकेल या भीतीनं मी वरोऱ्याच्या बाजारालाही बसनं जातो. माझ्या जिप्सीला पाच गियर आहेत. पाचवा नुसता शोभेला आहे.

आणि सगळ्यांत वाईट हे की सफारीचा रस्ता आमच्या जुन्या गावातूनच जातो, त्याच ऐनासमोरून. जाताना एकदा, येताना एकदा. मी कसा उतरणार? गाडी कोण ढकलणार? मागं कॅमेरे घेऊन पुण्याचे डॉक्टर बसलेले असतात. मग मी माझी पळवाट काढली. ऐन आला की पायांतल्या चपला सरकवायच्या आणि सीटवरून थोडं उठायचं, स्टिअरिंग धरून अर्धवट उभं राहायचं. म्हणजे अगदी बसून गेलो असं व्हायला नको. पहिल्यांदा उठलो तेव्हा मागचे सगळे धडपडून उभे राहिले. "कुठंय? कुठंय?" ड्रायव्हर उठला म्हणजे त्याला वाघ दिसला, असं त्यांना वाटलं. एका बाईंनी तर हात जोडले. मी म्हटलं, "होता. गेला." तेव्हापासून हे रोजचंच झालं. देशोदेशीचे लोक आमच्या पेनासमोर उभे राहून जातात आणि त्यांना पत्ताही नसतो. मला याचं हसू यायचं. आपण देवालाही बनवलं आणि गेस्टलाही, असं वाटायचं.

आईला हे मी एकदा गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"तुही गाडी रोज ऐनापासून जाते?"

"जाते."

"मंग मले ने. शिवेवर उतरव. मी चालत पार होईन अन् पलीकडून गाडीत बसीन. झालं."

"माय, उतरता येत नाई. नियम हाये."

"कोनाचा?"

"जंगलवाल्यायचा. वाघ हाये तिथी."

"वाघ तवा बी होता. मी मोह वेचाले रोज जात होती."

"अन् कोनी पाह्यलं तं? माही गाडी बंद करतीन. हमेशासाठी."

"मी कुठी गाडी मागून राह्यली तुले? चार पावलं मागून राह्यली."

मी आवाज चढवला. म्हटलं, एवढ्या वर्षांत एक गाडी झाली माझी, तीही तुझ्या चार पावलांपायी घालवू का? वर्षातून एकदा पूजेला गावातल्या मोजक्या माणसांना आत सोडतात, पण त्यात पुरुषच जातात, बायांचं नाव कोणी काढत नाही. तेही मी तिला सुनावलं, जणू तो नियम तिनंच केला होता. आई रुसली की जेवण सोडत नाही, बोलणं सोडते. भाकरी ताटात पडायची, शब्द पडायचा नाही. घरात माझा जीव घुसमटायला लागला. जंगलात उतरता येत नव्हतं, घरात बसवत नव्हतं.

माझा चुलतभाऊ गेटवर गाईड आहे. प्रत्येक गाडीत एक गाईड घ्यावा लागतो. तो एक दिवस घरी आला आणि त्यानं आईशी बोलून मला अंगणात ओढलं. "काकू सत्तरी पार झाली. आता नाई तं कवा? माहा नंबर तुह्या गाडीवर लागला का घेऊन येजो. तिकीट काढून, गेस्टसारखी."

अशी माझी आई आपल्याच गावाला तिकीट काढून निघाली. नवं लुगडं नेसली होती. चुलतभावानं तिच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवली, ती तिनं काढून मांडीवर घेतली. उंच सीटवर दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून बसली. आत शिरताना ऐन आला तेव्हा मी गाडी हळू केली. ती म्हणाली, "चालू दे. मी इथी यायले नाई आली, जायले आली." आणि पदर डोक्यावर घेऊन तिनं मान खाली घातली.

गावाच्या जागी आता गवत आहे. चितळं चरत होती. आईनं चिंचेच्या झाडावरून अंदाज घेतला आणि बोट दाखवलं, "आपलं घर." तिथं काहीच नव्हतं. ती रडेल या भीतीनं मी आरशातून बघत होतो. ती रडली नाही. "गवत चांगलं झालं," एवढंच म्हणाली. रडू मलाच आलं, आणि त्याचा रागही आला, कारण गाडी चालवताना डोळे पुसणं म्हणजे किती वेंधळेपणा.

परतताना ऐनाच्या अलीकडं मी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं. गाडी बिघडली तर ड्रायव्हरला उतरता येतं. माझी जिप्सी जंगलात कधीच बंद पडली नव्हती, सगळ्या गेटवर मी त्याची फुशारकी मारायचो. त्या दिवशी तिच्यावर मीच आळ घेतला. चुलतभावानं दोन्हीकडं बघितलं, आईला हात देऊन खाली उतरवलं आणि तिचा दंड धरून चालायला लागला. तिनं त्याचा हात सोडवला.

ती अनवाणी चालत होती. गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे एकेक पाय बाजूनं फिरवून टाकावा लागत होता. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो आणि धड ना गाडीकडं बघत होतो, ना आईकडं. कान मागच्या वळणाकडं लागले होते. चालकाचा परवाना, गाडीचं नाव, नंबर, सगळं डोळ्यांसमोरून जात होतं. लवकर चल, लवकर चल, असं मी मनातल्या मनात तिला ढोसत होतो. ऐनापाशी ती थांबली. कमरेची गाठ सोडून तिनं मूठभर वाळलेला मोह दगडांसमोर ठेवला. मग पुढं निघाली आणि पलीकडं जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात वळणावर इंजिनाचा आवाज आला. दुसरी जिप्सी येत होती. चुलतभाऊ पलीकडून ओरडला, "येऊ का? मागून ढकलतो!"

"राहू दे! तिथीच थांब!"

मी बॉनेट आपटलं, उडी मारून आत बसलो, चावी फिरवली आणि गाडी ऐनासमोरून पलीकडं काढली. रोज उठतो तेवढाही उठलो नाही. आईला वर चढवलं आणि निघालो. मागच्या गाडीतल्या ड्रायव्हरनं गाठून विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हटलं, "गरम झाली."

गेटपर्यंत आई बोलत होती. तिच्या तोंडाला तशी खळ नसलेली मी कितीतरी वर्षांत बघितली नव्हती. यंदा तुरीला फुलोरा कसा आहे, शेजारणीच्या नातवाचं लग्न कुठं जमलं, गेटवर चहा मिळतो का. तिनं शिदोरी सोडून आम्हा दोघांना भाकरी दिली. घरी आल्यावर दारात बसली ती नव्या गावाकडं तोंड करून, रस्त्यानं कोण जातं ते बघत. ट्रकचं गाऱ्हाणं तिनं पुन्हा काढलं नाही.

माझ्या "गरम झाली"चं फळ मला मिळालं. आत बंद पडलेली गाडी तपासून पास झाल्याशिवाय नंबरात घेत नाहीत, आणि तपासणी काही आठवडे लांबली. जिप्सी अंगणात उभी राहिली. रोज सकाळी तिला धुवायचं आणि बघत बसायचं, एवढंच काम उरलं. मग एक दिवस वाटलं, अरे, आपण आता मोकळे आहोत. पेट्रोल भरलं आणि निघालो.

चंद्रपूर सोडून मूलचा रस्ता धरला आणि मी पाचवा टाकला. कापलेल्या छपरातून वारा भणाणत आत घुसला, डोळ्यांतून पाणी आलं. गाडी हलकी झाली, आवाज एकसारखा लागला. हीच ती गाडी, जिला मी पोरपणी गाल लावला होता. मी एकटाच मोठ्यानं ओरडलो. मूल गेलं. वैनगंगेच्या पुलाअलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. पुलापलीकडं गडचिरोली, आणि मग सरळ सिरोंचा.

कप हातात होता आणि मी फोन बघत होतो. तपासणीवाला आजच आला तर? गेटवरून फोन आला आणि गाडी अंगणात नसली तर? नंबर गेला तर? कोणी अडवलं नव्हतं, कोणाचा फोन आला नव्हता. पूल समोर होता. मी चहा अर्धा टाकला आणि गाडी वळवली. परतीच्या रस्त्यावर पाचवा गियर टाकायचं लक्षातही आलं नाही.

आई अंगणात उडीद पाखडत होती. "आलास बी?"

"काम निघालं."

तिनं सूप खाली ठेवून गाडीकडं बघितलं. "तवा ट्रकमंधी तू बी होतास ना रे. गाठोड्यायवर."

"होतो."

"अन् त्या दिवशी बी तू बसूनच पार झालास. मी पलीकडून पाहून राह्यली होती. त्यानं म्हटलं होतं ना तुले, ढकलतो म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. सूप उचलून ती पुन्हा पाखडायला लागली. "मी निघाली बाबा. तू कवा निघशीन?"

मी मडक्यातलं पाणी पिऊन गाडी पुसायला घेतली.

दोन दिवसांनी तपासणी झाली, गाडी पास झाली आणि गेटवरून फोन आला की उद्या सकाळी नंबर आहे. मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मागं चार जण होते, नागपूरचे, गाड्यांचे शौकीन. वाघ दिसला नाही. जुनं गाव आलं, चिंच आली. त्यांचा खेळ सुरू झाला होता. पुढं ऐन दिसायला लागला. सवयीनं माझा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला, पण मला उठवेना. आई तिथं एकेक पाय फिरवत चालून गेल्यावर ते अर्धवट उठणं म्हणजे शुद्ध चोरटेपणा वाटायला लागला होता. उतरायचं तर नीट उतरायला हवं, आणि उतरता तर येत नव्हतं. मागून एक जण वाकला.

"भाऊ, तुम्ही सांगा. जन्मभर एकच गाडी. कोणती?"

"हीच," मी म्हणालो, आणि बसल्या बसल्या शीव ओलांडली.